विश्वचषकाचा चेंडू यवतमाळात

२०१७च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात भरली, ही आपल्या क्रीडा-इतिहासातील असाधारण घटना होय. जागतिक फुटबॉल महासंघाची, म्हणजे ‘फिफा’ची, कोणतीही स्पर्धा त्यापूर्वी या भूमीवर झालेली नव्हती. ६ ते २८ ऑक्टोबर या अवधीत २४ राष्ट्रांचे संघ सहा नगरांत ५२ सामने खेळले आणि तेरा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ते मैदानावर जाऊन पाहिले. कुमारांच्या या स्पर्धेला एवढी गर्दी याआधी कोणत्याही देशात लोटली नव्हती. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने प्रारंभी दोन गोलांनी मागे पडूनही स्पेनला ५-२ असे नमविले. नवी मुंबईत स्पेन आणि माली यांच्यात उपांत्य सामना रंगला. संयोजन म्हणून या उत्सवाला नावे ठेवण्यास फारशी जागा नव्हती.

यजमान संघाची कथा मात्र वेगळी. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही आपली मुले हरली. जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध मारलेला गोल हा भारताचा या स्पर्धेतील एकमेव गोल. परंतु पराभवापेक्षा संघाची घडण अधिक बोलकी होती. २१ खेळाडूंपैकी आठ एकट्या मणिपूरचे होते. महाराष्ट्रातून गेलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. हा योगायोग नव्हे. कोल्हापुरात तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉललाही आपल्या अंगणात घेतले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही तेथे पैलवानांच्या आखाड्यांइतकीच फुटबॉल-संघांची नावे आहेत. पेठेतल्या पोराला चेंडूसाठी कोणा योजनेची वाट पाहावी लागत नाही.

वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळ दाखवून आले. उणीव परंपरेची नाही. ती परंपरा फुटबॉलपर्यंत कोणी आणून पोहोचविली नाही, एवढेच.

ते काम एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न मात्र झाला. विश्वचषकाचे निमित्त साधून राज्य शासनाने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प सोडला. शाळाशाळांना चेंडू देण्यात आले, आणि त्या आवाहनात यवतमाळ जिल्ह्यातील सोळाही तालुके आले. कल्पना मोठी होती आणि तिची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. ज्या मुलाने आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावला नसेल, त्याला तो एक दिवस तरी लाभला.

पण त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर गाजत होते ते निराळ्याच कारणाने. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. फवारणीचा पंप पाठीवर घेणारे हे हात अनेकदा शाळकरी मुलांच्या बापांचे किंवा थोरल्या भावांचे होते. अशा घरातील मुलाला शाळा सुटल्यावर तासभर खेळायला मोकळे सोडणे ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने चैन असते. खेळाच्या योजना आखणाऱ्यांनी या घराचा उंबरठा पाहिला आहे काय? शाळेच्या वेळापत्रकातच खेळाचा तास खऱ्या अर्थाने पाळला गेला, तर आणि तरच हा मुलगा खेळेल; शाळेबाहेर त्याचा वेळ त्याचा नसतो.

फुटबॉलला खर्च लागत नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. चेंडू स्वस्त असतो, मैदान नसते. आमची काळी, कपाशीची माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. मुरूम पसरून, दाबून, पाणी वाहून जाण्यास उतार दिल्यावाचून तिच्यावर बारमाही खेळ होणे नाही. मैदानाची किंमत खुद्द ‘फिफा’लाही त्याच स्पर्धेत मोजावी लागली: पावसाने गुवाहाटीचे मैदान बिघडले आणि इंग्लंड-ब्राझील हा उपांत्य सामना ऐन वेळी कोलकात्यास हलवावा लागला. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर झरी-जामणी किंवा घाटंजीच्या एखाद्या शाळेने काय करावे?

कायद्याने हा प्रश्न सोडविला आहे, असे कोणी सांगेल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि क्रीडासाहित्य असावे, असे लिहिले आहे खरे. पण शिक्षकाचे काय? त्याच परिशिष्टाप्रमाणे शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तेव्हाच. लहान गावच्या, पोडावरच्या, तांड्यावरच्या किती शाळा या अटीत बसणार? म्हणजे चेंडू शासनाने दिला, क्रीडांगण कायद्याने दिले, आणि तो चेंडू कसा थोपवावा, कसा पुढे द्यावा हे शिकविणारा माणूस मात्र ज्याच्या-त्याच्या पटसंख्येवर सोडला.

यानंतर २०२२ साली आशियाई महिला स्पर्धा आणि सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक, या दोन्हींचे अंतिम सामने नवी मुंबईतच झाले. येथून ते मैदान सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. पुढची अशी स्पर्धा राज्याच्या वाट्याला येईल, तेव्हा तिच्या अंदाजपत्रकात दोन रकमा आधी लिहाव्यात: प्रत्येक तालुक्यात मुरूम घातलेले एक मैदान, आणि पटसंख्येची अट न लावता, चार-पाच शाळांत मिळून फिरणारा एक पूर्ण वेळ क्रीडाशिक्षक. चेंडू वाटण्याचा खर्च त्यांच्या खाली लिहिला तरी चालेल.