शिवणकामाच्या आडून

बांबूच्या तट्ट्यांची भिंत, वर ताडपत्री, जमिनीवर चटया. दाराशी चपलांचा ढीग आणि कोपऱ्यात टेकवलेल्या काळ्या छत्र्या. या छत्र्या उन्हापेक्षा नजरांसाठीच जास्त. रस्त्याने चालताना रोहिंग्या बायका त्यांच्याआड चेहरा लपवतात. आत आल्यावर छत्री मिटते, बुरखा उतरतो. पुरुषांना इथे प्रवेश नाही. कोणी भरतकाम करतंय, कोणी मशीनवर कपडा शिवतंय, कोणी पान जमवून नुसतंच बसलंय. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांत अशा जागा विखुरलेल्या आहेत. संस्थांच्या कागदांवर त्यांचं नाव ‘महिलास्नेही केंद्र’. बायका म्हणतात, शांतीखाना.

25 ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्कराने रोहिंग्यांवर जे अत्याचार सुरू केले, त्यातून जीव वाचवून काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या सीमा ओलांडून आले. 1991-92 मध्ये आलेले आधीपासून होतेच. उखिया उपजिल्ह्यातला कुतुपालोंग-बालुखाली हा टेकड्यांचा पट्टा आता जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी मानला जातो. आलेल्यांत निम्म्याहून अधिक बायका आणि मुली होत्या, आणि त्यांतल्या कितीजणींवर काय गुदरलं होतं हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने 2018 मध्ये नोंदवून ठेवलं आहे.

पण अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी म्हणून पाटी लावून खोली उघडली, तर तिथे पाऊल कोण टाकणार? झोपड्या एकमेकींना खेटून, कोण कुठे गेली हे अख्ख्या टेकडीला कळतं. म्हणून शिवणकाम. सुई-दोरा हा या केंद्राचा खरा बुरखा आहे. सासू विचारते, कुठे निघालीस? शिवण शिकायला. मग कधीतरी, पाच-सात खेपांनंतर, एखादी बाई टाका घालता घालता शेजारी बसलेल्या कार्यकर्तीला हळूच काही सांगते.

खरी कसोटी इथून पुढे लागते. बलात्कारानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत आणि गर्भ टाळण्याची 120 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणजे दवाखाना हवा. नवरा मारत असेल तर रात्रीपुरता आसरा हवा. तक्रार करायची असेल तर वकील. ही तिन्ही कामं बहुतेक वेळा तीन वेगळ्या संस्थांची. कोणत्या छावणीत कोणाकडे पाठवायचं, याची यादी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या पुढाकाराने चालणारा एक गट राखतो. नियम दोन: बाईच्या संमतीशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, आणि तिला तीच कहाणी चार टेबलांपुढे चार वेळा सांगायला लावायची नाही. बैठका, तक्ते, फोन नंबर असं हे रटाळ काम. देणगीदारांच्या फोटोत येतं ते शिलाई मशीन.

तरीही शांतीखान्यात काम करणाऱ्यांच्या हाती जे नाही, तेच बायकांना सर्वांत जास्त छळतं. संडास बांधण्याचं खातं वेगळं, आणि 2017 च्या घाईत ते उताराला, एकाला एक लागून बांधले गेले. बायका मग दिवसभर पाणी कमी पिऊ लागल्या आणि रात्र पडायची वाट पाहू लागल्या. अंघोळ झोपडीतच. पुढे ऑक्सफॅम या मदतसंस्थेने वास्तुरचनाकारांना या बायकांसोबत बसवलं आणि संडास-न्हाणीघरं कशी, कुठे हवीत ते त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं. आधी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

सरपणाची गोष्ट तर नमुनेदार आहे. तांदूळ, डाळ, तेल जागतिक अन्न कार्यक्रमाकडून येत होतं. ते शिजवायचं कशावर, हे कोणाच्याच खात्यात नव्हतं. त्यामुळे बायका-मुलं रोज जंगलात. तिथे स्थानिकांशी भांडणं, छेडछाड, आणि छावणी हत्तींच्या जुन्या वाटेवर वसलेली, त्यामुळे माणसं चिरडली जाण्याचे प्रसंगही घडले. 2018 मध्ये गॅस सिलिंडर आणि शेगड्यांचं वाटप सुरू झालं. त्यासाठी अन्न कार्यक्रम, अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय या सगळ्यांना बांगलादेश सरकारबरोबर एका कामाला जुंपावं लागलं. हिशेबात हा खर्च ‘ऊर्जा आणि पर्यावरण’ या सदरात जातो. मला विचाराल तर छावणीतली बायकांच्या सुरक्षेची सर्वांत मोठी योजना हीच, आणि तिच्या नावात बाई कुठेच नाही.

तसंच ओळखपत्राचं. सुरुवातीला प्रत्येक वस्तीवर बांगलादेशी लष्कराने एकेक माझी, म्हणजे मुकादम, नेमला होता. माझी जवळजवळ सगळे पुरुष, आणि मदतीच्या याद्या त्यांच्या हातून जायच्या. ज्यांचे नवरे मारले गेले किंवा बेपत्ता झाले, त्यांना माझीच्या दारात उभं राहावं लागे. जून 2018 पासून सरकार आणि उच्चायुक्तालयाने मिळून नोंदणी सुरू केली. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतःचं कार्ड, म्हणजे बाईला तिच्या नावाचं.

हे सगळं सरळ रेषेत चाललं असं मात्र नाही. 2019 च्या सुरुवातीला संस्थांमध्ये काम करणाऱ्या रोहिंग्या तरुणींना धमक्या आल्या, काहीजणींनी काम सोडलं. एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे छावणीत फक्त ‘अत्यावश्यक’ कामांना मुभा उरली. अन्नवाटप त्यात होतं, दवाखाने होते. शांतीखान्यांचं काम बरंचसं त्याबाहेर राहिलं, तेही घराघरांत माणसं कोंडलेली आणि मारहाण वाढण्याची भीती असताना. फोनवरून मदत करून पाहिली. पण फोन बहुधा नवऱ्याच्या हातात असतो, आणि छावणीतलं वेगवान इंटरनेट सरकारने 2019 च्या सप्टेंबरपासून बंदच ठेवलं होतं. तग धरून राहिल्या त्या सुईणी. दवाखान्यांना परवानगी असल्याने त्यांना आडकाठी नव्हती, आणि सुईणीकडे जायला बाईला कारण शोधावं लागत नाही. सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थांनी मग आरोग्याच्या संस्थांचं दार ठोठावलं. गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या बाईला पडद्याआड नेऊन सुईणीने दोन प्रश्न जास्तीचे विचारायचे आणि गरज असेल तर पुढचा पत्ता द्यायचा, अशी सोय त्यातून झाली.