मंगळवारची किल्ली

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मी महापालिकेच्या शाळेतल्या शिपायाकडून चौथीच्या वर्गाची किल्ली घेतो. साडेसातला तिथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे आमच्या ए.ए.ची मीटिंग असते. बाकं सरकवून गोल करायचा, टेबलावर पुस्तकं मांडायची, बारा पायऱ्यांचा फलक खिळ्याला टांगायचा. फळ्यावरचा सुविचार पुसायचा नाही, तो बाईंचा असतो. मीटिंग संपली की बाकं पुन्हा होती तशी रांगेत. एकदा एक रांग चुकली, तर शिपायाने मला चार शब्द ऐकवले.

पहिल्या दिवशी याच शाळेवरून मी तीनदा पुढे निघून गेलो होतो. भर चौकातल्या दारूच्या दुकानात शिरताना कोणी बघेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. इथे मात्र समोरच्या पानवाल्याची नजर टोचत होती. मीटिंगचा पत्ता मिळाला डॉक्टरांनी दिलेल्या एका फोन नंबरवरून. पलीकडच्या माणसाने ना आडनाव विचारलं, ना किती पितो ते. "आज संध्याकाळी याल का? मी फाटकापाशी उभा राहतो," एवढंच म्हणाला. आणि खरंच उभा होता. तिसऱ्या फेरीला त्यानेच हाक मारली, "या, चहा टाकलाय."

आत पंधरा-सोळा माणसं चौथीच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली. आधी थोडी शांतता, मग प्रार्थना, मग काही वाचन. त्यानंतर शेअरिंग. एकेकजण उभा राहतो, फक्त नाव सांगतो, पुढे कोणी 'मद्यपी' म्हणतो, कोणी सरळ 'बेवडा'. मग स्वतःची हकिगत. बायकोचे दागिने, बुडालेली नोकरी, पोरीच्या गॅदरिंगमध्ये झालेला तमाशा. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, 'अरेरे'ही करत नाही. ऐकलेलं त्या चार भिंतींतच ठेवायचं. शेवटी पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकावेत. नव्या माणसाने नाही टाकले तरी चालतं. फी नाही आणि बाहेरच्याची देणगीही घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी. प्रार्थनेतला देव मला अडायचा. एका ज्येष्ठाने सांगितलं, "देव नको असेल तर हा गटच धर. तुझ्यापेक्षा मोठा आहेच ना?"

माझा समज असा होता, की ही जुनी माणसं माझ्यावर उपकार करायला येतात. तो खोटा ठरला. ए.ए.ची सुरुवातच बघा. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी अडकला होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलात समोरच बार. तो फोनपाशी गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला. त्याला गाठायचा होता दुसरा एखादा दारुडा, आणि तोही स्वतः वाचण्यासाठी. अशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935. ए.ए. आपला वाढदिवस तोच मानते.

दुसऱ्यासाठी धडपडताना आपणच वाचतो, हे मला नीट कळलं ते पडल्यावर. चार महिने कोरडे काढले आणि मावसभावाच्या हळदीच्या रात्री प्यायलो. दोन मंगळवार गेलो नाही. तिसऱ्याला मान खाली घालून गेलो, तर कोणी कारण विचारलं नाही. गटातले एक जुने सभासद म्हणाले, "पुढच्या मंगळवारपासून चहा तुझ्याकडे." मला वाटलं, शिक्षा आहे. पण चहा ज्याच्याकडे, त्याला दांडी मारता येत नाही. सोळा माणसांचा चहा बुडतो. दुपारी तल्लफ आली की मी दूध किती लागेल ते मोजायचो. 'फक्त आजचा दिवस' म्हणतात ते मला असं समजलं. पुढे चहा दुसऱ्या एका पडून आलेल्याकडे गेला आणि माझ्याकडे किल्ली आली.

घरच्यांचाही आजार वेगळा असतो. त्यांच्यासाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉनचे गट आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी गट चालतो. माझी बायको अ‍ॅल-अ‍ॅनॉनला जाते. तिथे काय बोलते, ते मी विचारत नाही.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास, फिट येणं, प्रसंगी जिवावर बेतणं, असं काहीही होऊ शकतं. आधी डॉक्टर गाठावा. मीटिंग औषधाच्या जागी नसते.

या लेखाखाली माझं नाव नाही. छापील मजकुरात सभासदाने ओळख द्यायची नाही, अशी आमची परंपरा आहे. तुमचंही नाव कोणी मागणार नाही. 'ओपन' मीटिंगला न पिणारेही येऊ शकतात, तेव्हा सोबत कोणाला आणायचं असेल तर तशी मीटिंग विचारून घ्या. वेळ साडेसातची असली तरी जमल्यास सातला या. बाकं जड आहेत, सरकवायला एक जोडी हात कमीच पडतात.