‘जसं होतं तसं’ म्हणजे कसं?

मी नट नव्हे. कोल्हापुरातल्या हौशी नाटकांचं नेपथ्य उभारणारा माणूस. खिशात खिळे, हातात हातोडी. केशवराव भोसले नाट्यगृहात आम्ही नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावायचो, ‘विंगेत कुजबुजायचं नाही.’ कारण प्रॉम्प्टरनं नटाला पुरवलेला शब्द तिथं पहिल्या रांगेलाही फुकटात मिळायचा!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी गायक नट केशवरावांची जयंती. छप्पर गेलं, रंगमंच गेला. दगडी भिंती काळ्या पडून उभ्या राहिल्या. जो तो म्हणत होता, ‘जसं होतं तसं उभं करा.’ मीही म्हणालो. घरी आल्यावर मात्र डोक्यात आलं, होतं तसं म्हणजे नक्की कुठल्या सालचं?

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलं ते ‘पॅलेस थिएटर’. शेजारीच खासबागेचं कुस्ती मैदान. म्हणजे इकडेही तालीम, तिकडेही तालीम! १९५७ मध्ये थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं. पुढं खुर्च्या बदलल्या, दिवे बदलले, माइक आले. आजोबांचं ‘होतं तसं’ वेगळं, नातवाचं वेगळं. म्हणून अशा वास्तूचा आराखडा एकट्या वास्तुविशारदानं टेबलावर बसून करायचा नसतो. गावाला विचारावं लागतं.

आधी भिंतींना विचारायचं. तापलेल्या दगडावर पाणी पडलं की तो आतून तडकू शकतो. जाणता पाथरवट हातोडीनं ठोकून बघतो. खणखणीत वाजला तर दगड शाबूत, बद्द वाजला तर शंका. चुन्यात बांधलेल्या भिंतीची दुरुस्तीही चुन्यातच करावी. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात.

मग कानांना विचारायचं. भिंतीला गुळगुळीत फरशी लावली तर आवाज घुमत राहतो, मऊ अस्तराचा मारा केला तर तो गिळला जातो. इथं गायक नटाचं मत इंजिनिअरच्या मताइतकंच मोलाचं.

आणि आजच्या गरजांना विचारायचं. सहज पेट न घेणारे पडदे, विजेचा भार पेलणारी वायरिंग, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, बाई कलाकारांसाठी नीट रंगपट. ही मागणी केली म्हणजे वारसा बुडाला असं नाही.

शेवटी, हे नाट्यगृह पुढं चालवणार कोण? मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या वेळी २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी आधी करार केला, मग काम. संग्रहालय २००८ मध्ये पुन्हा खुलं झालं. कुणी काय करायचं, हे कागदावर असलं की पुढची भांडणं टळतात.

माझी सूचना साधी आहे. नव्या नाट्यगृहात माइक लावण्याआधी एक दिवस गावाला बोलवा. रिकाम्या खुर्च्यांत नव्हे, भरल्या घरातच चाचणी घ्या, कारण माणसं आणि त्यांचे कपडेही आवाज पितात. तिसरी घंटा द्या, एका नटाला नुसत्या गळ्यानं बोलू द्या. पास की नापास, ते शेवटची रांग ठरवील.

आणि मी विंगेत उभा राहून हळूच कुजबुजून बघीन.