मार्जिन

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्रजीत लिहावासा वाटेना, कारण तो मामाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या मेंदूत ट्यूमर निघाला. ऑपरेशन झालं, पण गाठ डोळ्यांच्या नसांजवळ असल्याने सगळी काढता आली नाही. मग डॉक्टरांनी रेडिओथेरपी सांगितली. आजी तिला 'शेक' म्हणते. आठवड्याला पाच, असे सहा आठवडे, एकूण ३० शेक. मामा टेलर आहे. त्याचा पहिलाच प्रश्न, "सुईत दोरा ओवता येईल ना?"

मला वाटलं होतं, यंत्र डोक्यावर धरायचं आणि बटण दाबायचं. पण पहिल्या शेकाआधी कितीतरी दिवस नुसती तयारीच चालली होती.

सुरुवात मास्कने. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात. थंड झाली की ती कडक होते. मग रोज तोच मास्क टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं त्याच जागी येतं. वर्कशॉपमध्ये आपण जॉब व्हाइसमध्ये पकडतो, तसंच.

मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो. सीटी स्कॅनर बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हे, इंजिनिअर! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला, तोही मेंदूचाच. १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. सीटीचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड बरंच वर. या आकड्यांवरून तिथली इलेक्ट्रॉन डेन्सिटी काढतात आणि कुठे किती डोस पोचेल याचा हिशोब कॉम्प्युटर करतो.

पण सीटीत ट्यूमर आणि मेंदू जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे दिसतात. म्हणून एमआरआय. त्यात गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. ट्यूमरमधल्या रक्तवाहिन्या झिरपतात, तिथे ते साठतं आणि तो भाग पांढरा चमकतो. म्हणजे हिशोब एका फोटोत आणि ट्यूमर दुसऱ्यात!

आता दोन्ही फोटो एकमेकांवर बसवायचे. एमआरआयच्या वेळी डोकं थोडं कललेलं असतं. कवटी काही वाकत नाही, त्यामुळे सहा आकडे पुरतात: तीन सरकवण्याचे, तीन फिरवण्याचे. पण नुसती वजाबाकी करून जमत नाही, कारण हाड सीटीत पांढरं आणि एमआरआयमध्ये काळं. म्हणून एका फोटोवरून दुसऱ्याबद्दल किती अंदाज बांधता येतो, हे कॉम्प्युटर मोजत जातो. त्याला म्युच्युअल इन्फर्मेशन म्हणतात. तो अंदाज सगळ्यात चांगला जमतो, तिथे फोटो जुळले. एम-थ्रीच्या तासाला 'मॅट्रिक्स कशाला शिकायचे?' असं मीच विचारलं होतं. आता नाही विचारणार.

मग डॉक्टर रेघा आखतात. पहिली रेघ दिसणाऱ्या ट्यूमरभोवती. दुसरी थोडी बाहेरून, कारण ट्यूमरच्या काही पेशी आजूबाजूला पसरलेल्या असतात आणि त्या कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. तिसरी अजून काही मिलिमीटर बाहेर, कारण रोज डोकं ठेवताना थोडा फरक पडणारच. मामाला हे माझ्याआधी कळलं. "कापडात मार्जिन सोडतो तसं!"

पण इथे मार्जिन फुकट नाही. मामाच्या प्रकारच्या ट्यूमरला ६० ग्रे डोस देतात, आणि डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथे साधारण ५४ च्या वर जाऊ देत नाहीत. मामाच्या प्लॅनमध्ये तिसरी रेघ नेमकी त्या जागेवर चढली होती. तेवढ्या तुकड्यात डोस कमी केला, म्हणजे नजर वाचवण्यासाठी ट्यूमरला थोडी सूट दिली. हे कॉम्प्युटरने नाही ठरवलं. डॉक्टरांनी मामाला समोर बसवून, समजावून, विचारून ठरवलं.

शेक संपून आता चार महिने झाले. गाठ गेलेली नाही, वाढलेलीही नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय असतो आणि त्या दिवशी घरात कुणी नीट जेवत नाही.

मागच्या रविवारी हॉस्टेलवर पार्सल आलं. मामाने शिवलेला कुर्ता. आतून शिलाई उलटून पाहिली. मार्जिन अगदी सरळ आहे.