काशीमीऱ्याच्या शेडमधला दिवाणखाना

रोज संध्याकाळी मराठी घरांत दिसणारे कितीतरी वाडे आणि बंगले प्रत्यक्षात पत्र्याच्या छपराखाली उभे असतात. मीरा रोड, काशीमीरा आणि तिथून ठाण्याकडे वळणारा घोडबंदर रस्ता हा आज मालिकांच्या चित्रीकरणाचा मोठा पट्टा आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून आहे. पण वाहिन्या वाढल्या तशी तिथली जागा अपुरी पडू लागली आणि निर्माते हायवेने उत्तरेकडे सरकले. इथे उंच छताच्या शेड मिळतात, पश्चिम रेल्वे हाताशी आहे आणि स्पॉटदादांपासून नवोदित नटांपर्यंत अनेकजण भाडं परवडतं म्हणून याच भागात राहतात.

सेटवरचा दिवाणखाना प्लायवूडचा असतो. वर छत नसतं, कारण तिथे दिवे टांगायचे असतात. कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा हवी झाली की एखादी भिंतच काढून ठेवतात. भरदुपारी काळे पडदे ओढले की रात्र होते. पावसाळ्यात मात्र पत्रा आपलं अस्तित्व दाखवतो. सर कोसळली की संवादांचं ध्वनिमुद्रण थांबतं आणि अख्खं युनिट आभाळाकडे कान लावून बसतं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट संवादांची. आधी मास्टर म्हणजे संपूर्ण प्रसंग, मग ओएस म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोज म्हणजे फक्त चेहरा, असा चित्रणाचा क्रम असतो. पण ज्याला लवकर निघायचं असतं त्याचे क्लोज आधी उरकले जातात. मग उरलेल्या कलाकारासमोर सहायक दिग्दर्शक कागद धरून गेलेल्याची वाक्यं वाचतो. सुनेवर संतापलेल्या सासूच्या डोळ्यांत आलेलं पाणी हे अनेकदा अशा सपाट वाचनाला दिलेलं उत्तर असतं. पडद्यावर तो सांधा आपल्याला दिसत नाही. अभिनयातलं हे फार मोठं कसब आहे आणि त्याची दाद फारच कमी वेळा दिली जाते.

आणि वेग! कॅनडातली 'शिट्स क्रीक' ही गाजलेली विनोदी मालिका २०१५ ते २०२० अशी सहा पर्वं चालली, ऑन्टारिओतल्या गुडवूड या छोट्या गावात तिचं बाह्यचित्रीकरण झालं, २०२० मध्ये तिने नऊ एमी पुरस्कार मिळवले. तिचे एकूण भाग ८०. आठवड्याला सहा भाग दाखवणारी मराठी मालिका हा आकडा चौदा आठवड्यांत गाठते. ई टीव्ही मराठीवरच्या 'चार दिवस सासूचे'ने तर तीन हजारांचा टप्पा ओलांडला होता. दोन्हीकडे भाग अर्ध्या तासाचाच. इथे मात्र दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्याबरोबर कथाही वळते. ताजे संवाद कधीकधी मेकअप चालू असतानाच हातात पडतात. काम मागे पडलं तर दुसरं युनिट लावून दोन प्रसंग एकाच वेळी चित्रित करतात.

तयार भागांच्या साठ्याला इथे 'बँक' म्हणतात. ती किती तुटपुंजी असते हे २०२० मध्ये सगळ्यांना कळलं. कोरोनामुळे १९ मार्चला चित्रीकरणं थांबली आणि थोड्याच दिवसांत जुने भाग पुन्हा लागू लागले. झी मराठीवर नवे भाग आले ते १३ जुलैला. तेव्हाही ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती. आजी-आजोबांशिवाय मराठी मालिका कशी चालायची? मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्टला ती अट रद्द केली, तेव्हा कुठे ज्येष्ठ कलावंतांना काम परत मिळालं.

एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध पुन्हा आले. या वेळी निर्मात्यांनी गोवा, हैदराबाद, सिल्वासा गाठलं. कथांमधली कुटुंबं अचानक सहलीला निघाली. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. बाहेर गेलेली युनिटं छोटी होती. मोजके कलाकार आणि तंत्रज्ञ गेले. सेटचे सुतार, रंगारी, लाइटवाले, जेवण पुरवणारे असे रोजंदारीवरचे कितीतरी लोक मागे राहिले. सेट बंद तर मजुरी बंद. मालिकेच्या शेवटी सरसर सरकणाऱ्या श्रेयनामावलीत त्यांतल्या बहुतेकांची नावं आजही नसतात.