एकदा पैसे मोजलेला गेम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर पुन्हा विकत का घ्यावा लागतो?

प्लेस्टेशनवर तीन-चार हजार रुपये मोजून गेम घेतला. वर्षभरानं पीसी आला, स्टीम उघडलं आणि तोच गेम पुन्हा पूर्ण किमतीला समोर. एकदा पैसे दिलेत, मग परत कशाला?

आपण नेमकं काय विकत घेतो?

लायसन्स. म्हणजे एका स्टोअरच्या, एका अकाउंटवर तो गेम खेळायची परवानगी. गेमची डिस्क मित्राला विकता येते, ही परवानगी नाही विकता येत. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्टनं 31 मार्च 2024 ला बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना.

मग कंपन्या ट्रान्सफर का देत नाहीत?

कारण साधं आहे, पैसा. स्टीमसारखं स्टोअर प्रत्येक विक्रीतून साधारण 30 टक्के कमिशन घेतं. सोनीनं कमिशन घ्यायचं आणि डाउनलोडचा खर्च स्टीमनं उचलायचा, हे स्टीमला कसं परवडेल? त्यात पीसीसाठी गेमचं वेगळं व्हर्जन बनवायला स्टुडिओलाही खर्च येतोच.

पण हे अशक्य नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर'मधले गेम 2016 पासून एकाच खरेदीत एक्सबॉक्स आणि विंडोज पीसी, दोन्हीवर चालतात. इथे दोन्हीकडचं दुकान एकाच मालकाचं आहे, म्हणून गणित जमतं.

कायदा काय म्हणतो?

2019 मध्ये पॅरिसच्या कोर्टानं स्टीमवरचे गेम पुन्हा विकता यायला हवेत असा निकाल दिला. 2022 मध्ये अपिलात तो फिरला. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून नवा कायदा आहे. तुम्हाला फक्त लायसन्स मिळतंय, हे स्टोअरनं खरेदीआधी स्पष्ट सांगायचं. स्टीमनं त्याआधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, कार्टमध्ये तशी सूचना टाकली. पण या कायद्यानं ट्रान्सफरचा हक्क मात्र मिळत नाही.

मग आपण काय करायचं?

सेल दिसला की लगेच 'बाय' दाबू नका. पुढची काही वर्षं कशावर खेळणार, ते आधी ठरवा. गेमच्या पेजवर 'प्ले एनीव्हेअर' लिहिलंय का बघा. जीओजीसारख्या स्टोअरवर गेमचा इन्स्टॉलर डाउनलोड करून स्वतःकडे ठेवता येतो, तिथे तोच गेम असेल तर तोही पर्याय आहे. लायब्ररी जितकी मोठी, तितकं दुसरीकडे जाणं महाग पडतं.