बसून राहिलेल्या क्रेनची निगा

जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की पैठणच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. सगळ्यांचे डोळे आणि मोबाइल खालच्या फेसाळत्या पाण्याकडे लागलेले असतात. ते दरवाजे उचलणारी यंत्रे वर, सांडव्याच्या पुलावर असतात आणि त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मोटर, गिअरबॉक्स, ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला पोलादी वायर रोप एवढाच त्यांचा संसार, आणि तो बारा महिने उघड्यावर मांडलेला.

२४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते या धरणाचे उद्घाटन झाले. सांडव्याला २७ वक्र दरवाजे आहेत. प्रत्येक साडेबारा मीटर रुंद आणि जवळजवळ आठ मीटर उंच. ऑगस्ट २००६ मध्ये इथून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि पैठण शहरात पाणी शिरले. याउलट २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळात दरवाजे उघडण्याचा प्रश्नच आला नाही. म्हणजे वर्षानुवर्षे काही काम नाही, आणि एखाद्या रात्री मात्र एकही दरवाजा अडून चालत नाही.

दरवाजे उचलणारी ही यंत्रे म्हणजे एका अर्थी उघड्यावरच्या क्रेनच. शेडखालची क्रेन कामाने झिजते. उघड्यावरची क्रेन काम नसतानाही झिजते, आणि माझ्या मते जास्तच झिजते. त्यामुळे ‘इतके तास चालली, आता सर्व्हिसिंग करा’ हा कारखान्यातला हिशेब इथे फसवा ठरतो. इथली निगा ऋतूंच्या हिशेबाने ठरवावी लागते.

सर्वांत आधी वायर रोप. बारीक तारांचे पेड, पेडांचा रोप आणि बऱ्याच रोपांत मधोमध तागासारख्या तंतूंचा गाभा, अशी त्याची बांधणी. गाभ्यात मुरवलेले तेल आतल्या तारांना वंगण पुरवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की वरचे ग्रीस पातळ होऊन ओघळते, उरलेल्यावर धूळ बसते आणि त्याचा कडक थर होतो. गाभा सुकतो. मृगाचा पाऊस आला की सुकलेला गाभा तेलाऐवजी पाणी धरून ठेवतो, आणि रोप आतून गंजू लागतो. बाहेरून तो काळाभोर, ग्रीस लावलेला, ठणठणीत दिसतो. जुन्या मळावरच नव्या ग्रीसचा हात फिरवला तर ओल आत कोंडली जाते. असे ग्रीसिंग न केलेले बरे. काही ठिकाणी रोप डिझेलने धुतात. त्याने मळ निघतो, पण गाभ्यातले तेलही निघते. आधी ब्रशने थर काढायचा, रोप कोरडा करायचा, मग आत झिरपेल असे पातळ रोप-वंगण द्यायचे; वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

आतला गंज डोळ्यांना दिसत नसला तरी मोजता येतो. व्हर्नियरने रोपाचा व्यास घ्यायचा, तोही समोरासमोरच्या पेडांच्या उंचवट्यांवर, खाचेत नाही. मूळ व्यासात ७ टक्क्यांच्या आसपास घट आली तर एकही तार तुटलेली नसली तरी रोप बदलावा, असे मानके सांगतात. २० मिलिमीटरच्या रोपात ही घट जेमतेम दीड मिलिमीटरची, नुसत्या नजरेला कळणारी नव्हे. मोजायचे कुठे, तेही महत्त्वाचे. महिनोन्महिने पुलीवर एकाच जागी वाकून बसलेला भाग आणि दरवाजाला किंवा हुकाला जोडलेले टोक या दोन जागा आधी खराब होतात. आपण मात्र हाताला सहज लागतो तो मधला भाग तपासतो.

मोटरचा शत्रू पावसापेक्षा दव. दिवसा तापलेली मोटर रात्री थंड होते, आत ओढलेल्या हवेतली वाफ गुंडाळीवर थेंब होऊन बसते. हे पाणी जावे म्हणून मोटरच्या तळाला निचऱ्याचे छिद्र असते, आणि रंगारी ते इमानेइतबारे रंगाने बुजवतो. चांगल्या मोटरमध्ये ओल धरू नये म्हणून छोटा हीटरही असतो. पण बिल वाचवायला मेन स्विच पाडला की हीटरही बंद. पॅनेलमध्ये पाली, मुंग्या, गांधीलमाश्यांची घरे हे तर ठरलेले. केबल जिथून आत येते तिथली ग्लँड सैल राहिली की सगळ्यांना दार उघडे. ब्रेकचे लायनर महिनाभर ओलसर ड्रमला चिकटून राहिले तर कधीकधी सुटत नाहीत, आणि सुटलेच तर पकड देत नाहीत. म्हणून पावसानंतर पहिला भार जमिनीपासून वीतभर उचलून तसाच धरून बघायचा, घसरत नाही याची खात्री झाल्यावर पुढचे काम.

दुर्लक्षाची किंमत काय असते ते १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होस्पेटजवळ दिसले. तुंगभद्रा धरणाच्या ३३ दरवाजांपैकी १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. बाकीचे दरवाजे उघडून पाण्याचा जोर कमी करावा लागला. एन. कन्नय्या नायडू या जाणत्या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली वाहत्या पाण्यात पोलादी फळ्या, म्हणजे स्टॉपलॉग, क्रेनने उतरवून आठवड्याभरात ती फट बुजवली गेली. तोवर शेतीचे कितीतरी पाणी नदीत गेले होते. सात दशके जुन्या धरणातला एक दुवा तुटला, एवढेच ते कारण.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा पाहणी सक्तीची आहे. दरवाजे कोरडे असताना पूर्ण उचलून पाहणे ही त्यातली खरी परीक्षा. गंमत अशी की सलग चांगली पावसाची वर्षे आली तर मे महिन्यातही पाणी दरवाजाला टेकलेले राहते. मग आधी स्टॉपलॉग टाकून पाणी अडवावे लागते, त्यासाठी सांडव्यावरची, रुळांवरून धावणारी गँट्री क्रेन लागते, आणि तीही उघड्यावरच उभी असते. म्हणजे दरवाजाची तपासणी क्रेनच्या तब्येतीवर अवलंबून.

धरण सोडून वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींकडे आलो तर लोखंडाच्या यार्डांत, फॅब्रिकेशनच्या मोकळ्या आवारांत हीच कथा लहान प्रमाणात दिसते. इथे एक खास मराठवाडी अडचण आहे, ती म्हणजे काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर गँट्रीचे दोन रूळ दर ऋतूत थोडे वर-खाली होतात. क्रेन तिरकी धावू लागते, चाकाची कड रुळाला घासून किंचाळते, आणि दोष चाकाला दिला जातो. चाक बदलून उपयोग नाही. रुळांची पातळी आणि अंतर वर्षातून दोनदा मोजायला हवे. त्यात भर उन्हाची. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर १०० मीटर रूळ जवळजवळ ५ सेंटीमीटरने लांबतो किंवा आखडतो. जोडांत तेवढी फट नसेल तर तो बाजूला फुगतो.

वाऱ्याबद्दल आपण फारच बेफिकीर आहोत. बांधकामाच्या भारतीय मानकात या भागासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला प्रत्येक चौरस मीटरवर ९० किलोंहून अधिक दाब येतो. वळवाच्या वावटळीत ब्रेक न लावलेली गँट्री रुळावरून एकटीच पळू शकते. तिला रूळ पकडणारे क्लॅम्प आणि जमिनीतला नांगर हवेतच, आणि शिफ्ट संपताना ते लावायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी. उंच इमारतींवरच्या टॉवर क्रेनचा हात मात्र रात्री वाऱ्याबरोबर फिरताना दिसला तर घाबरू नये. तो मुद्दाम मोकळा सोडलेला असतो; बांधून ठेवला तरच क्रेन कोसळायची भीती.

वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी, ही शिस्त कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने घालून दिली होती. ती किमान आहे. उघड्यावरच्या यंत्राला तेवढ्यावर भागत नाही, आणि देखभालीच्या तिमाही कराराची ठरलेली भेट भर नोव्हेंबरात येऊन गेली तर तिचा उपयोगही थोडाच. रोहिण्या लागण्यापूर्वी एक आणि पाऊस ओसरताच एक, अशा दोन मोठ्या तपासण्या. मधल्या काळात महिन्यातून एकदा क्रेन रिकामी, दोन्ही दिशांना, पूर्ण पल्ल्यात चालवणे. एवढे तरी पाळले पाहिजे.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीसाठी आपल्याकडे तारीख आयतीच आहे, खंडेनवमी. त्या दिवशी एरवी कोणी न पाहिलेले यंत्र धुतले-पुसले जाते. फक्त पाण्याचा पाइप पॅनेलवर आणि मोटरवर मारू नका, कोरड्या फडक्याने पुसा. आणि हार घालण्याआधी वायर रोपचा व्यास मोजून, तारीख टाकून, वहीत लिहून ठेवा.